ज्याची तार त्याने धुवावी

बाबा, जयभीम.

इथे हुडको कॉलनीत मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या वाद्यवृंदात तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपचं संगीत तेव्हाच्याच पद्धतीनं वाजवतात. व्हायोलिनला मेंढीच्या आतड्याची तार लागते. ती आपणच बनवू, असं वाद्यवृंद चालवणाऱ्या सरांनी ठरवलं. काल आतडी आली, तेव्हा ते मला म्हणाले, "सुजाता, तुम्हारे यहाँ तो ये काम आता होगा."

आजोबांनी मेलेली ढोरं ओढणं का सोडलं, ते तुम्हीच सांगितलंत. मी म्हटलं, "सर, जिसका तार, वही धोएगा."

रविवारच्या कार्यक्रमात मला ठेवतील की नाही, ठाऊक नाही. माझ्या तारेचं आतडं मी धुतलं. बाकीची बादलीतच आहेत.

बाबा, एवढं आजोबांना चाललं असतं ना?

तुमची,
सुजाता