मी नाही बघत हं

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. त्यातला अर्धा बाबांना दे, आणि त्यांचा गुडघा कसा आहे ते खरं खरं कळव.

आई, माझी खार जेवली! हिवाळाभर झोपणारी ही जात. झोपेत यांचं हृदय किती सावकाश चालतं, हाच माझ्या पीएचडीचा विषय. पण झोपण्याआधी अंगावर चरबी हवी, नाहीतर खार पुन्हा उठतच नाही. आणि ही बया दाण्याला तोंड लावेना! मी आपली काळजीने पिंजऱ्यासमोर डोळे लावून बसलेली. इथले आमचे गोरे सर म्हणाले, हिचा नाद सोड.

मग तू आठवलीस. मी जेवायला त्रास द्यायचे, तेव्हा तू ताटात घास ठेवून भिंतीकडे तोंड करायचीस, "मी नाही बघत हं!" मीही तसंच केलं. थोड्या वेळाने मागून कुरुमकुरुम! वळून म्हटलं, "अगं बाई, घास कुणी पळवला?" गाल फुगवून बसली होती, साळसूद.

आता आमचे सरही भिंतीकडे तोंड करून "मी नाय बगत हं" म्हणतात. खारीला मराठी कळतं, अशी त्यांची खात्री झालीय.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. इथे जेवताना माझ्याकडे कुणीच बघत नाही. म्हणजे तुझ्या हिशोबाने मी भरपूर खात असणार.

पण सुट्टीत घरी आले की तोंड फिरवू नकोस हं. समोर बसून बघ.

तुझी,
किरकिरी