पंख खाली लावायचे

कोपरखैरणे,
दि. ९ डिसेंबर २०२५

चि. सुनयना,

आम्ही दोघं बरे आहोत. तिकडे जर्मनीत थंडी फार असेल, कानटोपी घालत जा. माझ्या हातचं पत्र बघून तुला नवल वाटेल, पण बातमीच तशी आहे. काल दुपारी माझं रॉकेट वर गेलं आणि तिथंच फिरायला लागलं. पडलं नाही.

हसू नकोस. तुझ्या कॉम्प्युटरवरचा तो रॉकेट बांधायचा खेळ मी दीड महिना खेळतोय. तुझे फोटो बघावेसे वाटले म्हणून वरच्या मजल्यावरच्या शायमाला बोलावलं होतं. फोटो शोधता शोधता तिला तो खेळ सापडला. म्हणाली, "काका, सुनयना तासन् तास हेच करायची. बघा तरी काय आहे."

पहिलं रॉकेट मी गोण्यांची थप्पी लावतात तसं रचलं. टाकीवर टाकी, आणि सगळ्यात वर परातीएवढी अँटेना असलेला उपग्रह. सुटलं झकास. दहा किलोमीटरच्या आतच आडवं झालं आणि शेपूट वर करून खाली आलं. मला वाटलं, ताकद कमी पडली. दोन इंजिनं वाढवली. ते आणखी लवकर उलटलं. मग पाखराला असतात तसे पंख वरच्या अंगाला लावले. त्यानं तर उडताक्षणी कोलांटी मारली.

शायमा म्हणाली, "काका, बाणाला पिसं कुठं असतात?"

"मागं."

"मग तुम्ही पुढं का लावलीत?"

मी लगेच वरचे पंख काढले. अगं, चाळीस वर्षं ओझी वाहिली, मला हे आधी कळायला हवं होतं. वाऱ्यात पत्र्याची शीट घेऊन कधी चाललीस तर बघ. आडवी धरली की वारा माणसालाच गरगर फिरवतो, वाऱ्याकडं धार करून धरली की मुकाट येते. रॉकेटचंही तेच. पुढं रुंद काही असलं की हवा तिथंच धरून त्याला उलटं करते. पंख खाली लावायचे, म्हणजे वारा शेपटाला मागं ओढून धरतो आणि तोंड सरळ राहतं.

आणि वेग! शायमानं सांगितलं, वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. मी खालच्या दाट हवेतच सगळा जोर लावत होतो. म्हणून अँटेना दुमडून घेतली, उपग्रहावर टोकदार आवरण घातलं, खाली चार पंख बसवले, आणि सुरुवातीला इंजिन बेतानं चालवलं. हवा विरळ झाल्यावर पूर्ण जोर, आवरण सोडून दिलं, हळूहळू पूर्वेकडे कलवलं. पडद्यावरची रॉकेटच्या वाटेची वाकडी रेघ वाढत वाढत गोल जुळली तेव्हा मी एवढ्यानं ओरडलो की तुझी आई लाटणं घेऊनच बाहेर आली. "काय हो, पडलात का पुन्हा?"

पुन्हा हा शब्द तुला खटकेल. श्रावणात मार्केटमध्ये फळीवरून पाय घसरला, गोणी अंगावर आली आणि उजवा खांदा मोडला. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे. आता दुखत नाही, पण डॉक्टरांनी ओझं उचलणं कायमचं बंद केलंय. तिला कळवू नको, तिची परीक्षा आहे, असं मीच तुझ्या आईला बजावलं होतं. परीक्षेचं निमित्त होतं. तू फोनवर माझी चौकशी केली असतीस आणि मला तुझ्याशी बोलावं लागलं असतं.

दोन वर्षांत मी बोललो नाही. का, ते लिहितो.

तू निघालीस त्या दिवशी मी म्हणालो, लासलगावची गाडी लागलीय, खाली करायला गेलंच पाहिजे. गाडी लागली नव्हती. मी संध्याकाळपर्यंत एका बंद गाळ्यासमोर बसून होतो. सयाजी मुकादम दोनदा म्हणाला, "बाबासो, अजून वेळ आहे, रिक्षा कर." मी उठलो नाही. मुलीच्या जातीला रॉकेटं काय करायची, असं मी चार माणसांत बोलून बसलो होतो. ते शब्द मागं घेता आले नाहीत. दुसरं काही कारण नव्हतं.

तू काय शिकायला गेलीस ते मी तेव्हा विचारलंही नाही. आता विचारतो. पुढच्या रॉकेटला बाजूनं टाक्या जोडणार आहे, त्यांनाही टोकदार टोप्या घातल्या तर किती फरक पडतो? शायमा म्हणते, "हे सुनयनाच सांगेल." पत्र मिळालं की फोन कर, आणि आईला म्हण, बाबांना दे.

निघताना तू पाया पडायला वाकलीस आणि मी चपला घालून बाहेर पडलो. तेव्हा द्यायचा होता तो आशीर्वाद आज देतो. घे. खूप शिक.

तुझा चुकलेला बाप,
बाबासो