मुठीवरचे आकडे

सुरत, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९७

काल पूजेत शेठच्या गाडीतल्या गिअरच्या मुठीला मीच कुंकू लावलं, आणि आज शेठने ती आकड्यांची मूठच नसलेल्या गाडीचा फोटो माझ्यासमोर धरला. पुढच्या वर्षी हीच परदेशी गाडी नव्या तोंडवळ्याने येणार आहे म्हणे. दिवे बदलतील, जाळी बदलेल, ते ठीक. पण क्लच नाही, गिअर आपोआप पडणार, आणि चिखलात चारही चाकांना जोर द्यायला नुसतं एक बटण.

“भाऊ, हवे कशुं करवानुं नथी,” शेठ म्हणाले. आता काही करायचंच नाही. मग पाच वर्षं मी काय करत होतो? हजीऱ्याच्या चिखलातून यांना कोणी बाहेर काढलं?

गाडी कशी वाटते, असंही त्यांनी मलाच विचारलं. मी म्हणालो, “फारच छान, शेठ.” का म्हणालो? जेवताना तेच आठवत होतं.

फोटो पाहून शेठाणी लगेच म्हणाल्या, मग ड्रायव्हर कशाला, मीच चालवीन. तोवर या जुन्या गाडीवर हात बसवते, भाऊ, तुम्हीच शिकवा. त्यालाही मी हो म्हणून बसलो.

उद्या सकाळी पर्वत पाटियाच्या मागच्या रस्त्यावर पहिला धडा. पहिला गिअर कुठे, दुसरा कुठे, त्या विचारतील. मुठीवर आता एकही आकडा दिसत नाही, माझ्याच तळहाताने ते घासून गेलेत. त्यामुळे सांगावंही मलाच लागणार.