देव पाण्यात

गार्चिंग, गुरुवार संध्याकाळ

“काढ ते देव पाण्यातून,” म्हणालो आणि आईचा फोन ठेवला. हॉस्पिटलसाठी लाइन मोकळी हवी. मला स्वादुपिंड मिळावं म्हणून तिने पुण्यात देव पाण्यात ठेवलेत. मिळालं की इन्सुलिन सुटेल, साखर नकळत उतरून कोसळणं थांबेल. प्रतीक्षायादीत नाव आहे तोवर हा देश सोडून तिला भेटायलाही जाता येत नाही. पण हॉस्पिटलचा फोन येणार म्हणजे इथं कुणीतरी मेलेलं असणार. हे सांगितलं तर म्हणाली, “मग माझं घे की रे.” जिवंत माणसाचं सहसा घेत नाहीत. देव काढायला सांगितले, पण फोन उशाशीच आहे. मग मी वेगळं काय मागतोय?

शुक्रवार. शुद्धीवर आलो तेव्हा बायको माझ्या हिरड्यांना ग्लुकोज चोळत होती. नंतर तिने पुण्याला फोन लावला. “आई, देव राहू द्या पाण्यात.”