फिरकीच्या तांब्यातलं पाणी

बाई, आज मी आपली डोंगरफेरी चालून आले. एकटीच. आरोग्य उपकेंद्रातून निघायचं, उजव्या हाताची चढण चढायची, वरची चार गावं घ्यायची आणि पलीकडच्या उताराने पुन्हा उपकेंद्राच्या दारात. आता वर डांबरी सडक झालीय, पण मी पायवाटच धरली. रिटायर होऊन वर्षं झाली, गुडघे कुरकुरतात. पोरगा फोनवर खेकसला, "आई, या वयात काहून हे सोंग?" त्याला काय सांगू, कप्पाळ! "गेल्या वाटेनं परत यायचं न्हाई," हा तुमचा नियम. नाहीतर एकाच वाटेवरच्या लोकांना नर्सबाई दोनदा दिसते अन् दुसऱ्या वाटेवरच्यांना एकदाही नाही, असं म्हणायचात. तो मी सारी नोकरी पाळला. आज मात्र चढणीवर सारखी मागं वळून बघत होते, तुम्ही येताय का म्हणून.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. जिल्हा नवा, नोकरी नवी, पायातली चप्पल नवी, अन् वर दुष्काळ. डोंगरावर टँकर दोन दिवसांआड यायचा, तोही आला तर. पहिल्याच दिवशी तुम्ही तुमचा पितळी फिरकीचा तांब्या दाखवून बजावलंत, "आपलं पाणी आपण न्यायचं. बाया कोसावरून डोक्यावर आणतेत, त्यांचं पिऊन येऊ नको." मी हाव म्हणाले. मला तर तो नियम फारच सोयीचा पडला.

तिसऱ्या गावाच्या बौद्धवाड्यात ती पहिलटकरीण होती. आठवा महिना, पाय सुजलेले. मी उन्हातून गेले तशी तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी हात मागं घेतला. "नको, माझ्याजवळ हाय." तिनं तांब्या ओट्यावर ठेवला. पुढच्या फेरीला दाराला आतून कडी. "घरी कोणी न्हाई," असं तीच आतून सांगायची. दोनदा तसंच झालं, तेव्हा मी येऊन तुमच्याकडं तिचीच तक्रार केली. मी मोठी शहाणी!

तुम्ही एवढंच विचारलंत, "तिच्या हातचं पाणी घेतलंस का?" मी तोंड वर करून म्हणाले, "तुम्हीच म्हणला होतात बाई, दुष्काळ हाय." तुमचं माहेर देगलूरकडच्या तसल्याच एका बौद्धवाड्यातलं. मी पाटलाची लेक. हे दोघींनाही ठाऊक होतं. "बरं," म्हणालात. "उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या उंबऱ्याशी बसकण मारलीत. "माय, लई ऊन हाय. घोटभर पाणी देतीस का?" कडी निघाली. तुम्ही अर्धा तांब्या प्यायलात अन् उरलेला माझ्यापुढं धरलात. "पी." एवढ्या हळू आवाजात मला आजवर कुणी रागावलेलं नाही. मी प्यायले. ती माझ्या गळ्याकडं बघत होती, खरंच घोट उतरतोय का ते. मग म्हणाली, "या आत." तुम्ही बीपी घेतलंत, लई चढलेलं. तेवढ्यात टँकर आला होता. ड्रायव्हरच्या शेजारी तिला बसवून तुम्ही थेट तालुक्याच्या दवाखान्यात नेलंत. पोरगी झाली, दोघी वाचल्या. अजून एक फेरी ते दार बंद राहिलं असतं तर काय झालं असतं, हे तुम्ही मला कधी ऐकवलं नाही. मीही नर्सच आहे बाई, मला कळतं.

आज तिच्याकडं गेले होते. केस पांढरे झालेत, नातवंडं आहेत. तिनं पाणी आणलं, मी तांब्या रिकामा केला. "आणखी देऊ का? पहिल्यांदा तर घेईना झाल्ता!" म्हणून खळखळून हसली. मला काही हसू येईना. मग विचारते कशी, "त्या थोरल्या बाई कशा हायत?" मी म्हणाले, गेल्या. लई वर्षं झाली. तुम्ही बदली घेऊन किनवटला गेलात अन् तिकडंच गेलात. मला महिन्यानं कळलं. कळल्यावरही मी तुमच्या घरी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते?

आता उतारावरच्या चिंचेखाली बसून हे लिहून राहिले. याच चिंचेखाली आपण भाकरी सोडायचो. त्या टँकरच्या दिवसानंतरच्या फेरीत माझी बाटली इथं येईस्तोवर संपली होती. तुम्ही फिरकी काढलीत, तांब्या पुढं केलात, "घे." मी म्हणाले, "तहान न्हाई, बाई." तुम्ही फिरकी सावकाश लावलीत. "बरं," म्हणालात. पुढंही बदली होईस्तोवर दर फेरीला विचारत राहिलात.

हा कागद कुठं टाकणार? घडी करून पिशवीत ठेवते. त्या घरी निदान दुष्काळाचं निमित्त तरी होतं, बाई. तुमच्यापुढं तेही नव्हतं. तहान लागली होती. दर वेळी लागायची.