चावी काढायच्या आधीचं मिनिट

आप्पा, पिकअप कोणती घ्यायची ते उद्या सांगायचं आहे, आणि तुमच्याशिवाय मला कुणाला विचारता येत नाही. शिक्रापूरला जुन्या गाड्यांच्या यार्डात दोन उभ्या आहेत. एक साध्या इंजिनाची, तुमच्या गाडीसारखी, भरल्यावर रडतखडत चढणारी. दुसरी टर्बोची. माझ्या भावाला, तुमच्या लाडक्या धाकट्याला, टर्बोच हवी. कासुर्डीहून टोमॅटो भरून निघालं तरी चढाला गिअर उतरवावा लागत नाही म्हणतो, आणि ते खरंच आहे.

मला मात्र सारखी तुमची सवय आठवते. चाक थांबलं की चावी बाहेर, शर्टाच्या खिशात, आणि खिशावर दोन थापट्या. मी गाडी शिकत होते तेव्हा एकदा चौफुल्याच्या रसवंतीपाशी इंजिन चालूच ठेवून खाली उतरले. तुम्ही चारचौघांत म्हणालात, "डिझेल काय हिरीतनं शेंदतीस व्हय? थांबलं की चावी काढ." मला रडू आलं. तुम्ही रसाचा मोठा ग्लास माझ्यापुढं सरकवलात, आणि घरी आल्यावर स्वतःचा एक शर्ट दिलात, साडीवर घालायला, चावीला खिसा हवा म्हणून. तो केव्हाच फाटला, पण तसाच दुसरा अजून घालते. त्या दिवसानंतर माझी चावी कधी गाडीत राहिली नाही. मला त्याचा फार तोरा होता.

तुम्ही गेलात, मग काही वर्षांनी तुमची गाडी मोडीत काढली आणि आम्ही पहिली टर्बो घेतली. भाऊ आत कागदांवर सह्या करत होता तेव्हा मिस्त्री मला एकटीला म्हणाला, "ताई, माल भरून लांबनं आलं की लगी बंद करायची न्हाई. मिनिटभर तशीच चालू ठिवायची. टर्बो लाल तापल्याला असतो, तेल थांबलं की आतल्या आत जळतो." मी मान हलवली. पहिल्याच खेपेला शिरूरच्या मार्केट यार्डात गाडी लावली, आणि मिनिट आठवलं तेव्हा चावी खिशात होती. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. भावाला सांगायचं रोज ठरवायचे. पण सांगायचं म्हणजे तुमचं शिकवणं चुकीचं म्हणायचं, आणि ते माझ्या तोंडून निघेना. मग बारीक शिट्टी यायला लागली. महिन्याभरात निळा धूर. भाऊ म्हणायचा, "टर्बो हाय, शिट्टी वाजायचीच." मला माहीत होतं, आप्पा.

न्हावऱ्याच्या अलीकडं, भर दुपार. मी चालवतेय. धूर फार झाला म्हणून कडेला घेते, न्यूट्रल करते, चावी काढून खिशात टाकते, थापट्या मारते. इंजिन बंद होत नाही. चावी माझ्या खिशात आहे आणि ते जळालेल्या टर्बोतनं गळणारं स्वतःचंच तेल पिऊन चढत्या आवाजात ओरडतंय. गिअरमध्ये टाकून बंद पाडावं, एवढंही मला सुचत नाही. भाऊ बॉनेट उघडतो, कॅनमधलं पाणी पोत्यावर ओततो आणि ते ओलं पोतं हवेच्या पाइपावर दाबून धरतो. इंजिन गुदमरून थांबतं. मग तो खाली बसतो. त्याचा उजवा तळहात टर्बोला टेकला होता, ते आम्हाला दोघांनाही तेव्हाच कळतं. त्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

"मिनिटभर थांबत न्हवता का?" गाडी ओढून नेली तेव्हा त्याच मिस्त्रीनं विचारलं. भाऊ म्हणाला, "कसलं मिनिट? आमाला कुणी सांगितलंच न्हाई." मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी दवाखान्याच्या चिठ्ठीची घडी घालत राहिले.

ती गाडी भंगारात गेली. आता कुठलीही गाडी मीच चालवते, त्याला स्टिअरिंग नीट धरवत नाही. आज यार्डातली टर्बो चालवून पाहायला शिरूरपर्यंत नेली. डेपोजवळ थांबवली. तो शेजारी बसून बोटांवर मोजायला लागला, "आता कळलंय ना, ताई. मिनिट मी मोजतो. एक, दोन..." तीन म्हणायच्या आत गाडीत शांत झालं. त्यानं माझ्या खिशाकडं पाहिलं आणि हसला. "आप्पांची लेक," म्हणाला. मीही हसले, आणि खिशातल्या चावीवर हात दाबून धरला.

साधं इंजिन घेऊ म्हटलं तर तो "का?" असं विचारणार. मग ते मिनिट मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे सांगावं लागणार. पुढच्या वेळी शेजारी तोच बसलेला असणार, आणि बॉनेटही तोच उघडणार, हे मला स्पष्ट दिसतंय. हा कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवतेय, चावीशेजारी. दुसरा कुठला पत्ता नाही तुमचा. आणि उद्या सांगायचं आहे हे वर लिहिलं ते खोटं आहे, आप्पा. संध्याकाळीच त्यानं विचारलं, "टर्बो सांगून टाकू ना?" मी हो म्हणून बसलेय.