मांसाआधीचं पुडिंग

पॅरिस, १४ ऑक्टोबर १७९७

चि. सौ. हिटीस,
थोरल्या भावाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. पोट सुटलंय आणि माझ्या खानावळीत बसायला जागा मिळत नाही. एके काळी पिंपं ठोकून पोट भरणाऱ्याने याहून जास्त काय मागावं? तारीख आपल्या पद्धतीने घातली आहे. इथल्या लोकांनी राजाबरोबर जुन्या महिन्यांचीही मुंडकी उडवली आणि नवे महिने बसवले. वरच्या खोल्यांचं भाडं मागताना दोन्हींतला जो महिना आधी संपेल तो मी धरतो.

आता तुझ्या जिवाला लागलेली गोष्ट. मी नांतला जाऊन आमच्या मेहुण्यांना भेटून आलो. फ्रेंचांनी धरलेली त्यांची 'पेशन्स' बंदरात साखळदंडाने बांधून ठेवली आहे, माशांची पिंपं केव्हाच लंपास झालीत. पण तुझा जेबेझ ठणठणीत आहे. पहारेकऱ्यांच्या होड्यांना डांबर लावून देतो आणि त्याबद्दल कांद्याचं सूप मिळवतो. म्हणाला, बेडूक खाणारी ही माणसं आपल्या खाऱ्या माशाला नाकं मुरडतात, हे काही त्याला सोसवत नाही. गालावरची खळी शाबूत आहे, हे खास तुझ्यासाठी. मात्र वसंतापर्यंत सुटका झाली नाही तर जहाजाचा लिलाव होईल आणि माणसं किल्ल्यात जातील. ते होऊ द्यायचं नाही.

अशी जहाजं सोडवायलाच इंग्रजांपासून सुटलेल्या आपल्या नव्या सरकारने दोन दूत धाडलेत. दोघेही आपल्याच किनाऱ्याकडचे, जेवायला माझ्याकडे. पण इथले मंत्री त्यांना दारात उभं करत नाहीत. मंत्र्यांचा हात आधी ओला झाला पाहिजे, हे पॅरिसमध्ये भाजीवालीलाही ठाऊक आहे. मागण्याचं काम मस्यू बेलरोश नावाच्या गृहस्थांकडे आहे. माणूस गोड, कोटाला दोन घड्याळं, आणि वेळेवर एकदाही येत नाही.

अडचण निराळीच आहे. या शहरात पानावर गोड येईपर्यंत सभ्य माणूस पैशाची गोष्ट काढत नाही. सुपाला हवापाणी, माशाला नाटकं, मांसाला दुसऱ्यांच्या बायका. गोड आलं की नोकर बाहेर जातात, दार लागतं, खुर्ची जवळ सरकते. आणि आपले दूत? मांस संपलं की तोंड पुसतात, प्रार्थना म्हणतात आणि झोपायला जातात! बेलरोश बिचारे रोज मागणी तोंडात धरून बसतात, गरम बटाटा धरावा तशी.

काल त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. म्हणाले, अहो एल्काना, तुमच्या या साधूंना एकदा गोडापर्यंत बसवा, तुमच्या मेहुण्यांचं जहाज सुटलंच म्हणून समजा. मी विचार केला, इथल्या साय घातलेल्या मिठायांना हे दोघे शिवत नाहीत, पण आईच्या हातच्या मक्याच्या पुडिंगाचा वास आला तर खिळ्यांनी ठोकल्यासारखे बसतील. तेव्हा कृती कळव, आणि पीठही पाठव. इथे मका कोंबड्यांना घालतात, दुकानात मागितला की लोक माझ्याकडे बघतात.

मी लाच देत नाही, घेत नाही, नुसतं पुडिंग खाऊ घालतो. तुला काय वाटतं?

पोरांना पापे. माया आहेच, समुद्राच्या पाण्याने ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
एल्काना

---

ग्लॉस्टर, ९ डिसेंबर १७९७

ती. दादास,
हिटीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खळीची ओळ पोरांना वाचून दाखवली, बाकीचं माझ्यापुरतं ठेवलं. इकडे बर्फ खिडकीला टेकलंय, गाय आटली आहे, धाकट्याचा पुढचा दात पडला आणि तो वडिलांना दाखवायचा म्हणून त्याने डबीत जपून ठेवलाय.

नुसतं पुडिंग खाऊ घालतोस म्हणे! दादा, लहानपणी तूही मांजराला नुसतं दुधाच्या खोलीपाशी सोडायचास. दूध मांजरच प्यायचं, तू कुठे काय केलंस!

'पेशन्स'वरच्या खलाशांच्या बायका माझ्या चुलीभोवती जमल्या. एक म्हणाली, मागतील ते देऊन टाका आणि माणसं आणा. दुसरी म्हणाली, एकदा दिलं की दर वसंतात आपलं एक जहाज धरतील, गाय दुधाला लागली की कोण सोडतं? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण कॅप्टनची बायको मी.

तर ऐक. मला माझा नवरा घरी हवा आहे. त्याच्या खुर्चीवर मी लोकरीची टोपली ठेवली आहे, रिकामी दिसू नये म्हणून. पण बंद दाराआड काही ठरून तो सुटला, तर तो त्या खुर्चीत नीट बसायचा नाही. तू ओळखतोस त्याला.

कृती सोबत लिहिली आहे. पीठ आणि काकवी कॅप्टन सोम्सबरोबर पाठवते आहे. मंद आचेवर भाज, घाई करू नकोस. अट एकच. आपल्या घरी वाढतात तसंच वाढायचं. पुडिंग आधी, मांस मागून. आई काय सांगायची ते त्या मिठायांत विसरलास वाटतं. आधी पुडिंगाने पोट निम्मं भरावं, म्हणजे मांस सगळ्यांना पुरतं. मांसामागे लपवून, दार लावून वाढायला मी पुडिंग देत नाही. तुझ्या घड्याळवाल्यांना जे मागायचं ते दार उघडं असताना मागू देत.

अट मोडलीस तर मला कळेल. कसं, ते विचारू नकोस.

जीव तुम्हा दोघांत अडकला आहे, त्याची आठवण असू दे.

तुझी,
हिटी

---

पॅरिस, २ फेब्रुवारी १७९८

चि. सौ. हिटीस,
आशीर्वाद, आणि या खेपेला थोडा नमस्कारसुद्धा. वि. वि.

आधी गोड बातमी. 'पेशन्स' सुटली! हे पत्र जेबेझच्याच खिशातून तुझ्या हाती पडेल, म्हणजे बातमी शिळी करूनच मी पाठवतो आहे. तरी कसं घडलं ते माझ्याकडूनच ऐक, त्याला गोष्ट सांगता येत नाही.

तुझी अट पाळली. निम्मी तुझ्या धाकाने. उरलेली निम्मी थोरल्या दूतांमुळे, कारण वास येताच ते चमचा घेऊन स्वयंपाकघरातच येऊन उभे राहिले. मी पुडिंग आधी आणलं. दार सताड उघडं, नोकर काटे मांडताहेत, शेजारच्या टेबलावर लेसचा स्विस व्यापारी आणि एका सरदाराची तोंडाळ विधवा.

एवढ्यात ते गृहस्थ आले, नेहमीसारखे उशिरा. (त्यांचं नाव यापुढे लिहायचं नाही असा मी शब्द दिलाय. मागच्या पत्रातलं नाव शब्द देण्याआधीचं.) बघतात तो टेबलावर गोड! त्यांना वाटलं, जेवण उरकलं, आता हे प्रार्थना म्हणून पळणार. टोपीसुद्धा न काढता खुर्ची ओढली आणि सगळं एका दमात ओतलं. मंत्र्यांना काय हवं, किती गुपचूप हवं, आणि त्याशिवाय भेट कशी नाही. थोरले दूत कानाने जरा जड. त्यांनी हाताचा द्रोण कानाला लावून, काय म्हणालात, असं विचारलं. मग गृहस्थांनी ते 'गुपचूप' पुन्हा सांगितलं, पण मोठ्याने. विधवाबाईंनी चमचा खाली ठेवला.

थोरल्यांनी शांतपणे सांगितलं की कोटाचं बटणसुद्धा मिळणार नाही, आणि जरा काकवी इकडे सरकवाल का. धाकट्यांनी तिथेच दौत मागवली आणि सरकारला कळवायला घेतलं.

मग मी सूप आणलं.

हिटी, सूप बघून त्या गृहस्थांचा चेहरा तू बघायला हवा होतास! जेवणाला आत्ता सुरुवात होते आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. आयुष्यभर पाळलेली रीत एका मक्याच्या पुडिंगाने बुडवली.

थोड्या वेळाने ते चुलीपाशी आले, मैद्यासारखे पांढरे. नावासकट गोष्ट फुटली तर मंत्री हात झटकणार आणि हे एकटे बुडणार. मला विचारलं, तुम्ही काय काय ऐकलंत? मी म्हटलं, मी पिंपवाला. टिचकी मारली की आत किती आहे ते मला ऐकू येतं. पण मेहुणा घरी गेला की आनंदाने माझी वाचाच बसते. आठवडा उलटायच्या आत शिक्क्याचा कागद आला.

एक पैसा दिला नाही. जहाजात मासे नाहीत, पण माणसं सगळी आहेत.

लोभ करतेसच. यापुढे जरा मोठ्याने कर, इतक्या लांबून ऐकू आला पाहिजे.

तुझा दादा,
एल्काना

---

ग्लॉस्टर, २० मे १७९८

ती. दादास,
हिटीचा, आणि खळीवाल्याचाही, सा. न. वि. वि.

आला. दाढी वाढवून आला, म्हणून धाकट्याने आधी ओळखलंच नाही. मग डबी आणून दात दाखवला. दोघांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला. मी खुर्चीवरची टोपली उचलली. कॅप्टनने बसण्याआधी विचारलं, माझ्यासाठी कुणाला काय द्यावं लागलं? मी तुझं पत्र हातात दिलं. वाचून झाल्यावर तो बसला, आणि नीट बसला.

दूतांची पत्रंही सरकारला पोचली आहेत. इकडे नुसता कल्लोळ आहे. चर्चमध्ये, बंदरावर, न्हाव्याकडे, जो तो ओरडतो, बटणसुद्धा नाही! माझ्या चुलीपाशी जिने 'देऊन टाका' म्हटलं होतं, ती सगळ्यांत मोठ्याने ओरडते.

पण दादा, तुला सोडणार नाही. तिकडचे मंत्री बोलणं विकत होते, तू गप्प बसणं विकलंस. जेबेझ म्हणतो, दादाने आपलंच होतं ते परत घेतलं. मी म्हटलं, असेल, तरी दादाचा हात थोडा ओला दिसतो. त्यावर तो इतका हसला की खळीत काकवी गेली.

आणि एक सांगायचं राहिलं. खलाशांकडून कुणकुण लागून वर्तमानपत्राचा छापखानेवाला घरी आला होता. शब्द तू दिला होतास, मी नाही. म्हणून सगळं सांगितलं, उघडं दार, जड कान, मागून आलेलं सूप. तू अजून तिकडे आहेस म्हणून नावं तेवढी कुणाचीच सांगितली नाहीत. आता इथली पोरं 'दोन घड्याळवाला' म्हणून खेळतात, आणि ज्याच्यावर राज्य येईल त्याने उशिरा यायचं असतं.

जाताना छापखानेवाल्याने पुडिंगाची कृतीही मागितली. म्हटलं, कृती पॅरिसला माझ्या दादाकडे आहे, आणि त्याचा हात कसा ओला करायचा ते त्यालाच विचारा.

आता तूही ये. तुझी खुर्ची रिकामी आहे, टोपली सध्या तिच्यावर आहे. मांस मागून, पुडिंग आधी, आणि लोभ त्याच्याही आधी वाढून ठेवला आहे.

तुझी,
हिटी